नव्याने आलेल्या मुलांच्या पहिल्या वर्षाविषयी जर्मनीतील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

जर्मनीतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सध्या गणेशोत्सवाची धावपळ सुरू असेल. सभागृहाचे आरक्षण, मूर्ती, प्रसादाची यादी, लहान मुलांच्या नाचाच्या तालमी या सगळ्यांत नोकरी सांभाळून आपण किती संध्याकाळी घालवता, हे मी दोन वर्षे स्वयंपाकाच्या समितीत काम करताना जवळून पाहिले आहे. त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्याच आदरापोटी एका राहून गेलेल्या कामाकडे आपले लक्ष वेधावे, असे गेली काही वर्षे मनात आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला पुण्याहून, नाशिकहून किंवा ठाण्याहून नुकतीच आलेली दोन-चार कुटुंबे असतात. त्यांना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘काय, मुलं रुळली का?’ आईवडील म्हणतात, ‘हो, रुळली.’ मग बोलणे घरभाड्याकडे आणि व्हिसाकडे वळते. ज्याच्याविषयी प्रश्न विचारला ते मूल बहुतेक वेळा तिथेच, हातात ताटली धरून उभे असते आणि त्याला कोणी काही विचारलेले नसते.

आम्ही पुण्याहून म्युनिकजवळच्या एका लहान गावी आलो तेव्हा नोव्हेंबर महिना होता आणि माझी मुलगी साडेनऊ वर्षांची होती. पुण्यात ती चौथीत होती, वर्गात गोष्ट सांगायला सर्वांत आधी तिचा हात वर जायचा. तिला त्रास नको म्हणून आम्ही निघताना ‘थोडे दिवस बाबांकडे राहायला जातोय’ एवढेच सांगितले. त्यामुळे तिने वर्गाचा नीट निरोप घेतला नाही, मैत्रिणीकडची वही परत आणली नाही आणि पुढचे कितीतरी महिने ती ‘आपण परत कधी जायचं’ असे विचारत राहिली. इथेही तिला चौथीतच घेतले, तेव्हा वर्ष वाया गेले नाही म्हणून आम्हाला बरे वाटले. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमधली (बव्हेरियातली) चौथी म्हणजे काय असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आपल्याला हे माहीत आहे, पण पुण्यात बसून सामान बांधणाऱ्या पालकांना ते माहीत नसते, म्हणून इथे लिहिते. बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चारच वर्षांची असते आणि चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला मुलांच्या हातात एक प्रमाणपत्र पडते. जर्मन, गणित आणि आपल्याकडच्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी त्यात असते. इथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर मूल थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुमसाठी पात्र ठरते, २.६६ पर्यंत असेल तर दहावीपर्यंतच्या मधल्या स्तराच्या रेआलशुलेसाठी, आणि त्यापलीकडे व्यवसायशिक्षणाकडे अधिक झुकलेली मिटेलशुले. ज्यांची सरासरी हुकते त्यांच्यासाठी तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात. म्हणजे नोव्हेंबरात आलेल्या आणि जर्मनचा एक शब्द न येणाऱ्या माझ्या मुलीच्या हातात जेमतेम साडेपाच महिने होते. त्यांतले पहिले तीन महिने ती शाळेत एक शब्दही बोलली नाही.

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुले काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतात आणि ऐकून ऐकून साठवत असतात, हे मला आता कळते. तिच्या बाईंनाही ते कळत होते. त्यांनी आम्हाला धीर धरायला सांगितले होते. धीर आमच्याकडे नव्हता. त्याच सुमारास एका मराठी स्नेहसंमेलनात एका जुन्या, भल्या गृहस्थांनी सल्ला दिला, ‘घरात मराठी बंद करा, पोरगी झटक्यात जर्मन उचलेल.’ आम्ही तो मानला. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि उरलेले इंग्रजीत तिच्याशी बोलू लागले. तिला रागावणे, समजावणे, झोपताना जवळ घेऊन काही सांगणे, हे सगळे मी परक्या भाषेत करू लागले. शाळेत तिच्याकडे भाषा नव्हतीच, ती आम्ही घरातूनही काढून घेतली. जानेवारीत ती घरातही बोलेनाशी झाली. आठ वर्षांनंतरही मला आमच्या सगळ्या निर्णयांपैकी याच एका निर्णयाचे सर्वाधिक दुःख होते. आणि हाच सल्ला आपल्या कार्यक्रमांतून आजही दिला जातो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

तो सल्ला चुकीचा का आहे, हे मला तिच्या आजीमुळे कळले. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतात आणि मग वीस, त्यामुळे बाईंनी आकडा सांगितला की मुलगी ५२ लिहून मोकळी व्हायची. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे ‘ट्वेंटी-फाइव्ह’ हाच क्रम तिच्या डोक्यात होता. एका रविवारी फोनवर आजीने तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘अगं, पंचवीसमध्ये आधी पाचच नाही का येत? सत्तेचाळीसमध्ये आधी सात. तुझी ती जर्मन आपल्यासारखीच मोजते की.’ त्या दिवसापासून आजी रोज संध्याकाळी फोनवर तिच्याकडून मराठी आकडे म्हणवून घेऊ लागली आणि दोन आठवड्यांत वहीतले उलटे आकडे थांबले. आमच्या घरात मराठी परत आली ती अशी, पाढ्यांच्या वाटेने.

मग मी स्वतः लक्ष देऊन पाहू लागले. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला नाम शिकताना त्याचे लिंगही पाठ करावे लागते हेच विचित्र वाटते, आणि हिंदीत लिंगे दोनच. मराठीने, कोकणी आणि गुजरातीप्रमाणे, जुने नपुंसकलिंग टिकवले आहे. तो, ती, ते हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. सगळ्या नामांची लिंगे जुळत नाहीत, जुळण्याचे कारणही नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, यांचा स्त्रीलिंगी. पण घर, पाणी, पुस्तक, मूल, पान, सोने, अंडे हे शब्द दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत, दिवस दोन्हीकडे पुल्लिंगी आहे आणि रात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी. गौणवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाऊन बसते तेव्हा इंग्रजी बोलणारा गोंधळतो. आपले क्रियापद तर नेहमीच शेवटी असते. मोठ्यांशी आणि परक्यांशी बोलताना सर्वनाम बदलायचे असते, हेही आपल्या मुलाला आईच्या मांडीवर कळलेले असते. ज्या मुलाची मराठी पक्की आहे ते या भाषेच्या दारात रिकाम्या हाताने उभे नसते. त्याच्या हातात काय आहे ते त्याला दाखवणारे कोणीतरी मात्र हवे.

शाळेच्या अभ्यासात तर हे अधिकच खरे आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि शाळेची भाषा यांत भेद केला. स्थलांतरित मूल साधारण दोन वर्षांत समवयस्कांसारखे बोलू लागते, पण पाठ्यपुस्तकाच्या आणि परीक्षेच्या भाषेत त्यांच्या बरोबरीला यायला त्याला पाच ते सात वर्षे लागतात, असे ते सांगतात. म्हणून एखादी मुलगी मैदानात फाडफाड जर्मन बोलताना पाहून आपण ‘आता काही काळजी नाही’ म्हणतो, तेव्हा तिची खरी चढण नुकतीच सुरू झालेली असते. बाष्पीभवन म्हणजे काय हे ज्या मुलाला आपल्या भाषेत नीट समजले आहे, त्याला जर्मनमध्ये एक शब्द शिकायचा असतो. ज्याला ते कोणत्याच भाषेत समजलेले नाही त्याला शब्द आणि कल्पना दोन्ही एकदम शिकाव्या लागतात, त्याही परीक्षेच्या आदल्या दिवशी.

मे महिन्यात मुलीची सरासरी ३.०० आली आणि ती मिटेलशुलेत गेली. जे मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हते आणि ज्याची मातृभाषा जर्मन नाही, त्याला बायर्नच्या नियमांनुसार ३.३३ सरासरीपर्यंत वरच्या शाळेसाठी पात्र ठरवता येते. मात्र गुण कमी पडण्याचे कारण जर्मनमधली उणीव हे असावे लागते आणि ती भरून निघण्याजोगी आहे असे शाळेचे मत असावे लागते. हे मला दोन वर्षांनी कळले. कोणी आमच्यापासून ते लपवले होते असे मी म्हणत नाही. आम्ही विचारले नाही आणि असे काही विचारायचे असते हेच आम्हाला माहीत नव्हते. आमच्या आसपास ज्यांना माहीत होते ती माणसे आम्हाला दिवाळीच्या फराळाला भेटली होती. त्यांनी आपुलकीने चकल्या बांधून दिल्या, आणि मुलगी कितवीत आहे हे विचारायचे राहून गेले.

मी हे कडवटपणे लिहीत नाही. माझी मुलगी आज सतरा वर्षांची आहे. मिटेलशुलेतून दहावीपर्यंतच्या विशेष वर्गाने तिने मधल्या स्तराचे शालान्त प्रमाणपत्र मिळवले आणि आता ती फाखओबरशुलेत आहे, तिथून उच्च शिक्षणाची वाट उघडते. इथली व्यवस्था मुलांना दहाव्या वर्षी वेगळी करते हे मला पटत नाही, पण ती दारे कायमची बंद करत नाही हेही तितकेच खरे आहे. मे महिन्यात ज्यांच्या घरी रडारड होते त्यांना हे सांगायला कोणीतरी मराठीत हवे.

आता माझ्या विनंत्या. पहिली विनंती कुटुंब इथे पोहोचण्याच्या आधीची आहे. आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप समूहांवर पुण्यातून रोज प्रश्न येतात, घर कुठे घ्यावे, कुकर आणावा का, शाकाहारी काय मिळते. त्यांना उत्तर देताना आपण एक उलट प्रश्न विचारावा: मूल किती वर्षांचे आहे, कितवीत आहे, आणि तुम्ही कोणत्या राज्यात येत आहात? शिक्षण हा इथे राज्यांचा विषय आहे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे, काही राज्यांत पुढच्या शाळेचा शेवटचा शब्द पालकांचा असतो, बायर्नमध्ये तो गुणांचा असतो. बायर्नमध्ये २०१८ पासून नव्या मुलांना जर्मन शिकवणारे डॉइचक्लासे नावाचे वर्ग आहेत, पण ते प्रत्येक गावी नाहीत. आमच्या गावी नव्हता. जिथे असा वर्ग आहे त्या भागात घर घ्यावे की कंपनीजवळ घ्यावे, हा निर्णय भाडेकरार करण्याआधीच घेता येतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत यावे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये रात्री आठपर्यंत अंगणात पोरे खेळत असतात आणि भाषा येत नसली तरी चेंडू फेकता येतो. नोव्हेंबरात आलेले मूल शाळेतून येते आणि बघता बघता अंधार होतो. डिसेंबरात म्युनिकला सूर्य साडेचारच्याही आधी मावळतो. आणि त्या पालकांना हेही सांगावे की मुलाला खरे सांगूनच निघा, त्याला वर्गाचा निरोप घेऊ द्या.

दहावी झाल्यावर नेऊ, असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शाळेची अवघड जर्मन दोन-तीन वर्षांत गाठावी लागते आणि मित्रही नव्याने जोडावे लागतात, ही गोष्ट त्यांनी तिकिटाच्या आधी मनात धरायला हवी. त्या वयाच्या मुलांविषयी लिहिण्याचा अधिकार, ज्यांनी तो काळ काढला आहे त्यांना अधिक आहे.

दुसरी विनंती मराठी वर्गांविषयी. परदेशातील मराठी मंडळांची परंपरा मोठी आहे, लंडनचे मंडळ १९३२ चे आहे आणि उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. आपल्याकडेही अनेक शहरांत शनिवार-रविवारचे वर्ग आहेत. पण ते इथेच जन्मलेल्या मुलांना मराठी यावी म्हणून आखलेले असतात आणि नुकतेच आलेले मूल, ‘याला तर येतेच’ म्हणून, त्यातून वगळले जाते. खरे तर त्या तासाची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते. आठवडाभर ते वर्गात मुक्याने बसलेले असते, दोन वर्षांनी लहान मुलांची चित्रांची पुस्तके त्याला वाचायला दिलेली असतात. मराठीच्या तासाला ते आपल्या वयाइतके हुशार असते. तिथे त्याला गोष्ट सांगू द्या, लहानांना शिकवू द्या, वाद घालू द्या. शुद्धलेखन नंतर पाहता येईल.

त्याच तासाला दोन-तीन वर्षांपूर्वी आठ ते तेरा या वयात आलेली मोठी मुले बोलवावीत. शाळेतल्या लहान सुटीत पोळीभाजीचा डबा उघडला की काय होते, वाढदिवसाचे आमंत्रण आले तर काय न्यायचे, चौथीत पोलिसांसमोर सायकलची परीक्षा कशी द्यायची, पोहण्याच्या तासाआधी समुद्रघोड्याचा बिल्ला मिळवायला पंचवीस मीटर पोहावे लागते आणि तो नसला तर किती अवघडल्यासारखे होते, हे ती मुले पाच मिनिटांत जे सांगतील ते आपण मोठी माणसे तासभर बोलून सांगू शकणार नाही. अकरा नोव्हेंबरच्या सुमारास सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत इथली मुले हातांनी केलेले कागदी कंदील घेऊन निघतात. आमच्या मुलीने त्या वर्षी नुकत्याच झालेल्या दिवाळीचा घडीचा आकाशकंदील काठीला बांधून नेला होता, आणि न बोलणाऱ्या त्या तीन महिन्यांत वर्गातल्या मुलांनी तिच्याभोवती पहिल्यांदा गर्दी केली ती त्या संध्याकाळी. पालकांनाही काही सांगायला हवे. वर्गाच्या मुक्कामी सहलीला मुलीला पाठवायचे नाही, असे आपल्यापैकी कितीतरी जण ठरवतात. त्या चार दिवसांत वर्गातल्या मैत्र्या जुळतात आणि न गेलेले मूल पुढचे सहा महिने बाहेर उभे राहते.

तिसरी विनंती मला लिहिणे जड जाते. आम्ही येऊन वर्ष झाले तेव्हा मुलीची जर्मन माझ्यापेक्षा पुढे गेली होती, म्हणून बँकेत, घरमालकाकडे, कचेरीत मी तिला बरोबर नेऊ लागले. तिचे कौतुकही करायचे. एकदा माझ्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी काय सांगितले ते तिनेच मला मराठीत सांगितले: ‘आई, ते म्हणतात की आत एक गाठ आहे, आणि ती कसली आहे ते त्यांना अजून माहीत नाही.’ ती साडेदहा वर्षांची होती. गाठ साधी निघाली. पण निकाल येईपर्यंतचे अकरा दिवस ती माझ्या खोलीच्या दाराशी रात्री येऊन उभी राहत असे, हे मला फार उशिरा कळले. दवाखान्यात, शाळेतल्या पालकभेटीत आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीत मुलाने दुभाष्या होऊ नये. प्रत्येक मंडळात उत्तम जर्मन येणारी दहा-पंधरा माणसे असतात. महिन्यातून दोन तास देऊ शकणाऱ्यांची एक यादी मंडळाने ठेवली, तर त्या दोन तासांत एखाद्या मुलाचे बालपण वाचेल.

आणि एक गोष्ट, जी आपल्यात उघड बोलली जात नाही. गप्प राहणे नेहमीच्या पलीकडे गेले, मूल घरातही बोलेनासे झाले, रोज सकाळी पोटात दुखू लागले, झोप उडाली, तर शाळेच्या मानसशास्त्रज्ञाकडे जावे. बायर्नमध्ये ही मदत विनामूल्य आहे आणि तिथे बोललेले गोपनीय राहते. ‘आमच्या मुलाला काही वेड लागलेले नाही’ असे म्हणून आम्ही ते दोन महिने टाळले होते. मंडळाच्या व्यासपीठावरून कोणी जाणत्या माणसाने, आम्हीही गेलो होतो, एवढे एकदा म्हटले तरी कितीतरी पालकांचा संकोच जाईल.

बायर्नमधील शाळा सप्टेंबरच्या मध्यात उघडतील. त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुपारी, यंदा किंवा गेल्या वर्षी आलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मंडळाने एकत्र बोलवावे. त्यासाठी व्यासपीठ नको, पाहुणे नकोत, एक खोली आणि चहा पुरे. माझी मुलगी आणि तिच्याच वाटेने आलेल्या दोन मैत्रिणी मुलांबरोबर बसायला तयार आहेत. शाळेकडून आलेली पत्रे पालकांना वाचून, समजावून देण्याचे काम मी करीन, आणि म्युनिकच्या आसपास दर महिन्याला करत राहीन. उत्सवाच्या तयारीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा आणि खोली कोणत्या रविवारी मिळू शकेल ते ऑगस्टच्या अखेरीपूर्वी कळवावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक आई
म्युनिक परिसर